गुंड्या चालला जर्मनीला

लेक-जावई म्युनिकला गेले तेव्हा फ्रिज, दोन कपाटं आणि गुंड्या एवढं सगळं आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात आणून टाकलं आणि म्हणाले, आई, सेटल झालो की गुंड्याला नेतोच. पोरांचं ‘सेटल झालो की’ म्हणजे काय असतं हे माहिती असल्यामुळे मी आणि आमचे हे, दोघंही निर्धास्त होतो. पण नाही. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर फर्मान सुटलं, आई, गुंड्याची प्रोसेस सुरू कर.

आता गुंड्या म्हणजे पाथर्डी फाट्यावर सापडलेलं शुद्ध गावठी कुत्रं. त्याला कसली आलीये प्रोसेस? तर आधी मानेत 15 आकडी नंबरची मायक्रोचिप, मग रेबीजचं इंजेक्शन, चिपच्या आधी टोचलेली सगळी वाया, कारण ती ह्याच कुत्र्याला टोचली कशावरून? इंजेक्शननंतर किमान 30 दिवस थांबून रक्त काढायचं, ते युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबमध्ये जाणार, तिथे रेबीजच्या अँटीबॉडी, म्हणजे लस लागू पडल्याची खूण, मिलिलीटरमागे निदान 0.5 युनिट भरल्या पाहिजेत, आणि पास झाला तरी रक्त काढल्या तारखेपासून 3 महिने गपचूप इथेच बसायचं. माणसाचा युरोपचा शेंगेन व्हिसा साधारण 15 दिवसांत होतो हो! माझ्या आधी गुंड्याचं रक्त फॉरेनला जाऊन पोचलं.

त्या 3 महिन्यांत पिंजऱ्याचं काम. आयाटा म्हणून विमान कंपन्यांची संघटना आहे, त्यांचा हिशेब असा की नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा, रुंदी खांद्यांच्या दुप्पट, आणि उभं राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत. ह्यांनी माझा ब्लाऊज शिवायचा टेप घेतला. गुंड्याला टेप दिसला की तो उताणा, चला पोट खाजवा. माप पाहिजे उभ्या कुत्र्याचं आणि हा पाय वर करून पडलेला. शेवटी मी स्वयंपाकघरातून दुधाचं पातेलं वाजवलं तेव्हा टुणकन उठला, तर हे टेप धरून ओरडतायत, “अगं लवकर सांग, कुत्र्याला कोपर कुठे असतं?”

पिंजरा आला तो हॉलमध्ये टीव्हीसमोरच ठेवला, कारण त्याला आत बसायची सवय लागायला पाहिजे. आठवडाभरात शेजारची चिमुरडी, माझी हरवलेली चप्पल आणि ह्यांचं अर्धं अंग आत जाऊन आलं, गुंड्या सोडून सगळे. समोरच्या काकू रोज येऊन सांगायच्या, एवढं काय करताय, झोपेची गोळी द्या अन् पाठवा. तेच तर करायचं नसतं, गुंगीत विमानात श्वासाचा आणि बीपीचा त्रास होऊ शकतो, डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलेलं. त्यात काकूंचा स्वतःचा पग, त्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर कित्येक एअरलाईन घेतच नाहीत, पण हे त्यांना सांगायचं कोणी?

खरी गंमत पुढे. लेकीला गणपतीत रजा नाही, दिवाळीत तिकीट महाग, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला “आई, मी व्हिडिओवर आहे ना”. पण युरोपचा नियम निघाला की मालकाच्या प्रवासाच्या 5 दिवसांच्या आत कुत्र्याचा प्रवास झाला पाहिजे, नाहीतर तो व्यापारी माल धरतात आणि त्याचे कागद निराळेच. झालं! लगेच रजा मंजूर, तिकीट स्वस्त, बाईसाहेब दारात हजर. आधी मिठी कोणाला मारली हे मी लिहीत नाही.

मग मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाईन ऑफिसचं, म्हणजे परदेशी जाणारी जनावरं तपासणाऱ्या सरकारी ऑफिसचं, सर्टिफिकेट, आणि ते निघाल्यापासून 10 दिवसांत युरोप गाठायचा, म्हणजे सगळी पळापळ. आदल्या रात्री मटाराच्या पिशव्या काढून फ्रीजरमध्ये गुंड्याची पाण्याची वाटी ठेवली, बर्फ केला की पिंजरा चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतो. खाली माझा जुना गाऊन अंथरला, ओळखीचा वास पाहिजे म्हणे. एवढा मळका गाऊन एअरपोर्टवर चार लोकांत निघाला.

समृद्धीने निघालो तर इगतपुरीपासून हे मागे वळून वळून गुंड्याला सूचना देतायत, पोरगा होस्टेलला निघाल्यासारखं, घाबरायचं नाही, कोणी दिलेलं खायचं नाही. लेक समजावतेय की बाबा, त्याला ठेवतात तिथे हवेचा दाब आणि तापमान आपल्या केबिनसारखंच राखतात. तर ह्यांचा प्रश्न, “मग त्याला खिडकी का नाही?” गाडी मीच चालवत होते म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी पोचल्याचा फोन आला. गुंड्याने विमानतळाबाहेर पहिल्याच खांबाला सलामी दिली, सगळं ठीक. मग लेक म्हणाली, आता त्याची नोंदणी करायचीये, इकडे कुत्र्यामागे दरवर्षी पालिकेला टॅक्स भरावा लागतो.

ह्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. “आपल्या घरपट्टीसारखी आधी भरला तर सूट मिळते का, ते विचारून घे.”