‘गावात घराला परवानगी लागत नाही’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गावागावांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय : ‘आपली जमीन, आपला सातबारा. गावात घर बांधायला कुणाची परवानगी लागत नाही. घरपट्टी सुरू झाली की घर कायदेशीर. १६०० फुटांपर्यंतच्या घराला तर सरकारनेच माफी दिलीय.’ मी तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे काढतो. या मेसेजवर विसंबलेली माणसं शेवटी माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून लिहितोय.

सातबारा जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. तिच्यावर बांधायचं तर गावाच्या हद्दीत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ आहे, आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात १९६६ च्या नगररचना अधिनियमाचं कलम १८. दोन्हींचं म्हणणं एकच : आधी परवानगी, मग पाया.

घरपट्टीची गल्लत सगळ्यात महाग पडते. नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, नोंद झाली म्हणजे कर लागला, मंजुरी मिळाली नाही. एक मावशी आल्या होत्या. चार वर्षांच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेल्या. वरचा मजला चढवायला कर्ज हवं होतं, बँकेने मंजूर नकाशा मागितला. तो कधी काढलाच नव्हता. गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या आहेत, गंजू नयेत म्हणून टोकांवर बाटल्या उलट्या घातलेल्या.

आता ती ‘माफी’. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि छोट्या घरांची वाट खरंच सोपी झाली. पण १६०० फूट, म्हणजे १५० चौरस मीटर, हे माप भूखंडाचं आहे, घराचं नव्हे. जेमतेम दीड गुंठा. पाच गुंठ्यांवर ८०० फुटांचं घर बांधलं तरी ते या सवलतीत बसत नाही. आणि बसलं तरी कागद सुटत नाहीत : मालकीचा पुरावा, मोजणी नकाशा, घराचा नकाशा, तो नियमाप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि विकास शुल्काची पावती. हे ग्रामपंचायतीत दिलं की काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला ग्रामपंचायतीकडून प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, घ्यावं लागतं, नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. त्यापुढे मात्र जावंच लागतं.

गावठाणापासून २०० मीटरच्या आत वेगळी एनए (बिगरशेती वापराची) परवानगी नको, असंही लोक सांगतात. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड त्यासाठीच आलं होतं, ते खरं. पण ते जमिनीच्या वापरापुरतं. बांधकामाची परवानगी वेगळीच घ्यावी लागते.

हेलपाट्यांना लोक कंटाळतात, ते मी रोज पाहतो. त्या रागातूनच हा मेसेज इतका पसरतो. पण दीड गुंठ्यावर बांधणाऱ्याला आज हे कागद गावातच देता येतात. मावशींची जागा चार गुंठ्यांची निघाली. आता बांधकाम नियमित करण्याचा अर्ज करतोय, आणि त्यासाठी उभ्या घराची मोजमापं पहिल्यापासून घ्यायला बसलोय.