खुलासा: सारख्या खोल्या म्हणजे सारखं काम नव्हे

हॉटेलात हाउसकीपिंगच्या (खोल्यांच्या साफसफाईच्या) नव्या सुपरवायझरसाठी एक सल्ला सध्या फिरतोय: ‘प्रत्येकाला 14 खोल्या द्या, कुरबूर संपेल.’ कुरबूर नेमकी तिथूनच सुरू होते.

8 तासांची पाळी म्हणजे 480 मिनिटं. जेवण 30, ब्रीफिंग 15, ट्रॉली भरणं 15 आणि शेवटची आवराआवर 20 वजा केली, की हातात उरतात 400. चेकआउटच्या, म्हणजे पाहुणा सोडून गेलेल्या खोलीला साधारण 35 मिनिटं धरा, पाहुणा राहतोय त्या खोलीला 20. आता 14 खोल्या सगळ्या चेकआउटच्या निघाल्या तर 490 मिनिटं. सगळ्या राहत्या असतील तर 280. एकाला 90 मिनिटं कमी पडतात, शेजारचा 120 मिनिटं मोकळा!

मग वेळ चोरला जातो तो न दिसणाऱ्या जागी. पलंगाखाली, कमोडच्या मागे, शॉवरच्या जाळीतल्या केसांत. तपासणीत खोली नापास होते, ती परत करावी लागते आणि फ्रंट ऑफिस (रिसेप्शन) चावीसाठी फोन करत बसतं.

म्हणून वाटप मिनिटांवर करा. 6 चेकआउट आणि 8 राहत्या खोल्या म्हणजे 370 मिनिटं; उरलेली 30 लिफ्टची वाट आणि डागांसाठी लागतातच. शक्यतो एकाच मजल्यावर द्या. आणि हो, सकाळची यादी दुपारपर्यंत टिकत नाही. कुणी मुक्काम वाढवतो, कुणी लवकर निघतो. 12च्या सुमारास फ्रंट ऑफिसशी यादी ताडून वाटप बदला. वरील मिनिटं नमुन्यादाखल. आपल्या खोल्यांची घड्याळ लावून मोजा.