निळ्या लाटांबद्दल खुलासा

"किनाऱ्यावर रात्री निळा उजेड दिसतोय, कारखान्याचं विषारी रसायन समुद्रात सोडलंय, मासे खाऊ नका" असा मेसेज फिरतोय. परवा तो मीही दोन ग्रुपवर पुढे ढकलला होता. चूक माझी, म्हणून हे लिहितोय.

तो उजेड सजीवांचा आहे. नॉक्टिल्युका सिंटिलन्स नावाचा एकपेशीय प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारा सूक्ष्म जीव, जेमतेम अर्धा-एक मिलिमीटरचा. लाट फुटली, पाय पडला, होडी गेली की पेशीला धक्का बसतो, आत ल्युसिफेरिन या प्रकाश देणाऱ्या द्रव्याची रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर निळा प्रकाश पडतो. काल रात्री बाटलीत पाणी भरून आणलं. ठेवलं तर अंधार, हलवलं की चमक. चमकणारं रसायन असतं तर हलवायची वाट कशाला बघितली असती? सकाळी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक गोल पेशी आणि तिची शेपटीसारखी सोंड स्वच्छ दिसली.

अरबी समुद्रात हिवाळ्यात हा प्लवक वाढतो. कोकण किनाऱ्यावर, अगदी जुहूलाही, तो दिसलेला आहे. मात्र "निसर्गाची रोषणाई" म्हणून नुसतं टाळ्या वाजवण्यासारखंही नाही. फार दाट वाढला तर पेशींतला अमोनिया आणि पाण्यातला कमी झालेला ऑक्सिजन माशांना बाधू शकतो. सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं अशा वाढीला हातभार लावू शकतात, पण चमक दिसली म्हणजे रसायन सोडलं, हे खरं नाही. माणसाला बाधणारं विष तो बनवतो असंही आढळलेलं नाही, त्यामुळे बाजारातली ताजी मासळी यापायी टाळायचं कारण नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून गेला असेल तर तिथे हा खुलासा टाका.