वाघ दिसला का?

ताडोब्याहून परतलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘वाघ दिसला का?’ नाही म्हटलं की समोरचा असा चेहरा करतो, जणू आम्ही मयतीला जाऊन आलोय. अहो, १९५५ सालचं राष्ट्रीय उद्यान आहे ते, राज्यातलं सगळ्यात जुनं. रानकुत्री आहेत, अस्वलं आहेत, मोहाची झाडं आहेत. पण छे!

यंदा मे महिन्यात गेलो. चंद्रपूरचं ऊन, पारा ४५च्या वर. आटत चाललेल्या पाणवठ्यात वाघीण बूड भिजवून बसलेली, आणि समोर १४ जिप्स्या. धूळ, पेट्रोलचा वास, ‘भाऊ, जरा पुढे घे ना!’ शेजारच्या गाडीत वेफर्सचा पुडा कुरकुरतोय. (कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोबाइलला बंदी आहे म्हणून, नाहीतर सेल्फीसाठी कुणी बॉनेटवरच चढलं असतं.) एका काकांनी तर चक्क ‘शुक शुक’ केलं. वाघाला! गल्लीतली मनी आहे का ती?

वाघीण उठली, ठिबकत्या अंगाने बांबूत शिरली. मागून लगेच कुरकुर: ‘एवढे पैसे भरले आणि दोनच मिनिटं?’