मामा तलावात जेसीबी घालण्याआधी

उन्हाळा लागला की आमच्या पूर्व विदर्भात तलावांवर जेसीबी येतात. नारळ फुटतो, फोटो निघतात, 'खोलीकरण झालं' म्हणून गाव खूश. मला हे पटत नाही.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांवर आहेत. गोंड राजवटीत यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. इथे एका गावाच्या सांडव्याचं पाणी खालच्या गावाच्या तलावात जातं, त्यामुळे वर पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, फुटली की खालच्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, जातात. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर माती टाकायला कुणाची वाट बघायची हे गावाला कळेनासं झालं.

पण तलाव काही पाण्याची टाकी नाही हो! पाळीकडे खोल, वरच्या अंगाला उथळ, अशी त्याची ठेवण. त्या उथळात देवधान म्हणजे रानटी भात उगवतो, कमळ असतं, मरळ माशाची पिल्लं वनस्पतींच्या आडोशाने वाढतात. गोंदियात मोजके सारस उरलेत, तेही अशाच उथळात नि धानाच्या बांधीत घरटं करतात. जेसीबीवाला मात्र सगळं एकाच मापाने उकरतो. त्याचं बिल खोदलेल्या मातीवर निघतं, देवधानावर नाही.

मग मरळीचा आडोसा जातो आणि उरतात रोहू-कतला हे मासे. ते साचलेल्या पाण्यात पैदास करत नाहीत, म्हणजे ढिवरांच्या, मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, संस्थेने दरवर्षी मत्स्यबीज विकत आणायचं. वरून बेशरम हे माजणारं झुडूप. तिचा तुकडा चिखलात पडला तरी फुटतो. यंत्राने चिरडली की चार जागी पसरते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांतल्या ढीवर बायांनी ती हाताने मुळासकट उपटली आणि तलावात देशी वनस्पती लावल्या. मासे परत आले ते त्यामुळे.

भारी (उशिरा येणारं) धान निसवताना शेतकऱ्याला पाणी पाहिजे, ढिवराला तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत पाहिजे. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत. पण बैठकीत बोलतो बांधीवाला, आणि ज्या बाईला तलावाचा तळ पायांनी माहीत आहे ती मागे बसते.

गाळ काढा, माझी ना नाही. फक्त खोदायची जागा आखताना ढीवर बायांना सोबत घेऊन तलाव फिरा, वरचा उथळ भाग सोडा, आणि अंदाजपत्रकात वनस्पती लावायची मजुरीही धरा. पुढच्या ग्रामसभेत मी हे लेखी देणार आहे. ज्यांच्या गावात तलाव आहे त्यांनीही द्यावं.