प्रतिज्ञा मूळ तेलुगूतली

गेल्या रविवारी सोलापूरहून शाळेतल्या मित्राचा मला इथे जर्मनीत फोन आला. टॉवेलचा कारखाना सांभाळतो, मुलीच्या शाळेत पालक-शिक्षक संघावर आहे. शाळेला आठवीपासून आठवड्याचा एक तास ‘शांतता आणि सामाजिक जबाबदारी’साठी ठेवायचा होता. पालकांनी तो हाणून पाडला, तिथं आता गणिताचा जादा तास. ‘‘हे तुमच्या तिकडचं फॅड आहे बे. आपल्याकडं संस्कार घरात होतात.’’

तिकडचं? १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे कुठले होते? त्यांच्या पुतळ्यांवरून आम्ही सायकली दामटत रोज शाळेला जायचो. १९३८ ला चिनी सैनिकांवर उपचार करायला गेलेले डॉ. कोटणीस कुठले? आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी शांतता-शिक्षणावर स्वतंत्र निबंध केंद्र सरकारच्या एनसीईआरटीनेच काढला होता. फॅड म्हणे!

इथे बोखुमला माझी मुलगी सातवीत आहे. शुक्रवारी शेवटचा तास क्लासेनराटचा, म्हणजे वर्गसभेचा. आठवडाभराची भांडणं वहीत लिहिलेली असतात, अध्यक्ष मुलांतलाच, शिक्षिका मागच्या बाकावर. परवा एकाने दुसऱ्याची टोपी चिखलात फेकली, त्यावर अर्धा तास गेला. फेकणाऱ्याने माफी मागितली नाही, पण टोपीचे पैसे भरून दिले. मला हे फार मोठं वाटतं. संस्कार घरात होतात हे खरं, पण घरात सगळे आपल्याच भाषेचे असतात. परक्या मुलाशी भांडण झालं तर ते मिटवायचं कसं, हे वर्गातच शिकता येतं.

हे सगळं मित्राला तावातावाने सांगितलं. गेल्या वर्षी ट्राममध्ये मला ‘परत जा’ म्हणणारा माणूस अशाच एखाद्या शाळेत शिकला असेल, हे मात्र सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही दोघंही टाळत होतो. आमच्या वर्गात पूर्व भागातला एक मुलगा होता, घरी माग, बोली तेलुगू. ‘माझा आई’ म्हणायचा आणि वर्ग हसायचा. एकदा मैदानामागे त्याला मारलं. मी मारलं नाही, उभा राहून बघितलं. मित्रही तिथंच होता. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्यांनी हात पुढे करून म्हटलं, ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत.’ ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली, हे मला चाळिशीत कळलं. त्या सकाळी कुणीतरी वर्गाला तेवढंच सांगायला हवं होतं. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही.

शेवटी फोनवर मी त्याचं नाव घेतलं. मित्र बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘तू येणार आहेस का बे परत? मुलीला घालणार आहेस का इथल्या शाळेत?’’

नाही घालणार. हे मी त्याला सांगू शकलो नाही. आमच्या दारासमोरच्या श्टॉल्परश्टाइनवरचं, म्हणजे नाझींच्या बळींच्या स्मरणार्थ फुटपाथात बसवलेल्या पितळी पत्र्याच्या दगडावरचं, नाव आणि साल मुलीला पाठ आहे, दर नोव्हेंबरात वर्गातली मुलं तो घासून लख्ख करतात. चार हुतात्म्यांपैकी एकाचंही नाव तिला माहीत नाही. ती सांगायला इथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.