बुधवारची घंटा

आमच्या रोटरी क्लबची साप्ताहिक सभा बुधवारी असते. बुधवारच का, याचं उत्तर क्लबच्या घटनेत नाही, ते आमच्या स्वयंपाकघरांत आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी काहींच्या घरी देवीचा वार, शिवाय गावचा आठवडी बाजार. रविवार घरच्यांसाठी राखून ठेवायचा असतो, निदान तसं दाखवायचं असतं. सभेनंतर 'फेलोशिप' असते आणि फेलोशिपमध्ये तांबडा रस्सा असू शकतो, एवढ्या एका आशेवर बुधवार उरला. शब्दकोशात फेलोशिप म्हणजे बंधुभाव. आमच्याकडे जेवण. "आज फेलोशिप काय आहे?" असं विचारलं की "बासुंदी" असं उत्तर येतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

मला या क्लबात माझ्या दातांच्या डॉक्टरांनी आणलं. माणसाच्या तोंडात ड्रिल असताना त्याला काहीही विचारलं तरी तो नाही म्हणू शकत नाही. "येणार ना मग मेंबर?" "आँ." झालं. दाढेचं बिल आणि प्रवेश फी एकाच दिवशी भरली.

माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. प्रत्येक सभासदाचा व्यवसाय क्लबच्या यादीत भारदस्त शब्दांत मांडायची पद्धत आहे, त्यामुळे माझ्या नावापुढे 'पेपर अँड अलाइड प्रॉडक्ट्स' असं छापून आलं. नावाच्या आधी 'रो.' लागलं, म्हणजे रोटेरियन. पहिली निमंत्रणपत्रिका मी कौतुकाने आईला दाखवली. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि काळजीने विचारलं, "हे रो. कसलं रे? कै.सारखं नाही ना काही?"

बायकोलाही पदवी मिळाली. रोटेरियनची बायको ती 'अ‍ॅन'. १९१४ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या रोटेरियनांच्या आगगाडीत एकाची बायको बरोबर होती, तिचं नाव अ‍ॅन. तिच्यावरून हे नाव पडलं ते आमच्या तालुक्यापर्यंत येऊन पोचलं. पदग्रहण समारंभात माइकवरून "अ‍ॅन वहिनींनी कृपया पुढे यावं" अशी हाक आली, तेव्हा आमची ही जागची हलली नाही. तिला वाटलं कुणी ख्रिश्चन बाई आली असेल.

पण खरा छळ सुरू झाला तो यंदाच्या १ जुलैपासून. रोटरीचं वर्ष १ जुलैला उजाडतं आणि ३० जूनला मावळतं. दरवर्षी नवा प्रेसिडेंट. त्यामुळे आमच्या अडतीस जणांच्या क्लबात बावीस माजी प्रेसिडेंट आहेत, आणि आमच्या वेळी हे असं नव्हतं, या एकाच मुद्द्यावर बावीसही जणांचं एकमत आहे. उरलेल्या सोळांमध्ये पदं वाटताना माझ्या वाट्याला 'सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स' आलं. नाव ऐकून माझी छाती दोन इंच फुगली. वाटलं, निदान एखादी शिट्टी तरी मिळेल.

मिळाली ती पिशवी. खाकी, कॅनव्हासची, एका बंदाला गाठ मारलेली. तिच्यात क्लबचा बॅनर, टेबलावरचा छोटा तिरंगा, अडतीस बॅज, हजेरीचं रजिस्टर, दंडाचा पत्र्याचा डबा, आणि तळाशी घंटा. घंटा पितळी, चांगली तीन-साडेतीन किलोची, डोक्यावर रोटरीचं चक्र आणि सोबत लाकडी हातोडी. सभा सुरू झाली की प्रेसिडेंट घंटा वाजवणार, संपली की पुन्हा वाजवणार. मधल्या वेळात ती माझी. तिला सांभाळायचं, पितांबरीने घासायचं आणि स्कूटरवरून आणायचं-न्यायचं. आमच्या घरापासून हॉलपर्यंत सात स्पीडब्रेकर आहेत. दर ब्रेकरला घंटा वाजते. पहिल्याच बुधवारी देशपांडे आळीतली पोरं "कुल्फी, कुल्फी" करत माझ्यामागे धावली होती. आता धावत नाहीत. आता नुसती हसतात.

सभेची वेळ साडेसात. साडेसातला हॉलवर मी असतो आणि केटररचा पोऱ्या असतो. तो काकड्या चिरतो, मी बॅज मांडतो. पावणेआठला सेक्रेटरी येतात आणि कुणीच कसं आलं नाही म्हणून माझ्याकडे बघतात. आठला प्रेसिडेंट. आठ दहाला कोरम होतो, कारण आठ दहाला भज्यांचा घाणा सुटतो.

सार्जंटाचं दुसरं काम दंडवसुली. बॅज लावला नाही, पन्नास रुपये. मोबाइल वाजला, पन्नास. पेपरात फोटो आला, शंभर. नवी गाडी घेतली, पाचशे. दंड हसतखेळत द्यायचा असतो आणि तो पैसा सेवाकार्याला जातो. पण आमच्यात दोन वकील आहेत. एकाचा फोन वाजला म्हणून मी डबा पुढे केला, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या कलमाखाली?" मी म्हटलं, "साहेब, परंपरेने." ते म्हणाले, "परंपरा पुराव्याने शाबीत करावी लागते." दुसऱ्या वकिलांनी तिथल्या तिथे माझं वकीलपत्र घेतलं. युक्तिवाद जेवणापर्यंत चालला, तारीख पुढच्या बुधवारची पडली. पन्नास रुपये अजून यायचेत.

मग आमच्यात एक वर्कशॉपवाले आहेत. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग असं सगळं असलेले. नवा पाहुणा दिसला की ते त्याला घंटेपाशी नेतात. "मोजा, दाते किती? चोवीस. आरे? सहा. आणि हा मध्ये खाचा दिसतोय ना? हा पूर्वी नव्हता. शाफ्टला चावी बसायला खाचा नको? नाहीतर चाक नुसतं फिरणार, काम काय करणार? इंजिनियर लोकांनी हरकत घेतली, तेव्हा कुठे हा खाचा आला." हे ते इतक्या तळमळीने सांगतात की हरकत त्यांनी स्वतःच घेतली होती असं वाटतं. मी त्यांच्या तोंडून हे अकरा वेळा ऐकलंय. पुढे जे घडलं त्यासाठी हे चोवीस दाते लक्षात ठेवा.

कधीकधी रजिस्टरच्या रकान्यांत टिकमार्क करताना मला शिकागो आठवतं. २३ फेब्रुवारी १९०५ ची संध्याकाळ, युनिटी बिल्डिंग, खोली नंबर ७११. पॉल हॅरिस नावाचा एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी. मोठ्या शहरात एकटं वाटत होतं म्हणून चौघं गप्पा मारायला बसले. पुढच्या वेळी दुसऱ्याच्या ऑफिसात, मग तिसऱ्याच्या. अशी पाळीपाळीने जागा फिरायची, म्हणून नाव रोटरी. त्या खोलीत ना बॅनर होता, ना दंडाचा डबा. सार्जंट तर नव्हताच. चौघांपैकी एकालाही पुढे हे ओझं कुणाच्या स्कूटरवर जाणार आहे याची कल्पना नसावी.

आठवड्याला भेटलंच पाहिजे अशी सक्तीही आता राहिलेली नाही. २०१६ साली नियम सैल झाले, महिन्यातून दोनदा भेटलं तरी भागतं. मी हे सभेत मोठ्या आशेने मांडलं. बावीस माजी प्रेसिडेंट एकदम उठले. परंपरा, शिस्त, बंधुभाव असे शब्द आले. खरं कारण मला केटररने सांगितलं. बावीसपैकी सतरा जणांना डॉक्टरांनी तेल, तूप, साखर बंद केलीय आणि घरी रात्री मुगाची खिचडी असते. बुधवार हा त्यांचा पॅरोल आहे. गेल्याच महिन्यात मधुमेहावर व्याख्यान झालं. वक्त्यांनी पडद्यावर पायाच्या जखमांचे असे फोटो दाखवले की माझी भूक मेली. व्याख्यान संपलं आणि गुलाबजाम संपले, यात बारा मिनिटांचं अंतर होतं.

रात्री घरी गेलो की बायको दारातच विचारते, "काय होतं आज?" इथे रोटरीची चतुःसूत्री कसोटी माझ्या कामी येते. १९३२ साली शिकागोच्या हर्बर्ट टेलर यांच्याकडे एक बुडती कंपनी आली, स्वयंपाकाची भांडी विकणारी. तेव्हा त्यांनी हे चार प्रश्न लिहिले आणि आम्ही ते दर बुधवारी उभे राहून म्हणतो. हे सत्य आहे का? सर्वांना न्याय्य आहे का? यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का? हे सर्वांच्या हिताचं आहे का? मी मनातल्या मनात चारही प्रश्न विचारतो. 'बासुंदी, दोन वाट्या' हे उत्तर पहिल्यात पास होतं आणि उरलेल्या तिन्हींत नापास. मग मी म्हणतो, "काही विशेष नाही, वरणभातच." तिने माझ्या शर्टावरचा डाग बघितलेला असतो.

राजीनामा का देत नाही, असं तिने एकदा विचारलं. पोलिओच्या रविवारांमुळे, असं मी म्हटलं आणि ते चारही प्रश्नांत पास होतं. रोटरीने १९८५ साली पोलिओचं काम अंगावर घेतलं. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. पण लसीकरण थांबलेलं नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या मागे ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात आणि बूथ आपल्यापर्यंत चालत येईल याची त्यांना सवय नसते. तेव्हा नर्सताईंबरोबर बर्फाच्या पेटीचा पट्टा खांद्याला लावून आमचे हेच वकील सकाळी सातला फडाच्या कडेने चालत जातात. पोरांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करतात. कोणत्या कलमाखाली, असं त्या दिवशी विचारत नाहीत. आणि हो, त्या दिवशी सगळे वेळेवर येतात.

तर, गव्हर्नर. आमच्या डिस्ट्रिक्टचे, म्हणजे रोटरीच्या आमच्या विभागाचे, गव्हर्नर वर्षातून एकदा प्रत्येक क्लबला अधिकृत भेट देतात. मुलीकडची मंडळी पाहायला आल्यावर मुलाच्या घरात जे होतं, ते आठवडाभर क्लबात होतं. रजिस्टरं पूर्ण झाली. झालेल्या प्रकल्पांचे फोटो निघाले, न झालेल्यांचे इतिवृत्त निघाले. मला सक्त ताकीद होती, घंटा आरशासारखी दिसली पाहिजे. मंगळवारी रात्री मी ती ओट्यावर ठेवून तासभर घासली, वाळत ठेवली आणि झोपलो. बुधवारी दुकानात शाळांच्या वह्यांची गर्दी. संध्याकाळी धावत घरी आलो. आईने पिशवी भरूनच ठेवली होती. "सगळं घातलंय बाबा," ती म्हणाली. मी आत बघितलं नाही. सात स्पीडब्रेकर पार करून हॉल गाठला.

गव्हर्नर सात पंचविसाला हजर. हॉलमध्ये मी आणि काकड्या. पुढची वीस मिनिटं प्रेसिडेंटसाहेब दारात उभे राहून फोनवर कुणाकुणाला काय काय बोलत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावणेआठला मात्र अडतीसपैकी छत्तीस जण हजर झाले. सगळे व्यासपीठाकडे बघत उभे. मी घंटा मांडली. लख्ख. मग हातोडीसाठी पिशवीत हात घातला आणि हाताला काहीतरी थंड, जड लागलं.

बत्ता होता. आमच्या खलबत्त्यातला, लोखंडी, आजीच्या लग्नातला.

नंतर उलगडा झाला तो असा. पावसाने आईचा घसा बसला होता. काढ्यासाठी सुंठ कुटायची होती, बत्ता डब्यामागे पडलेला, समोर ओट्यावर बरी दांडकी दिसली. त्या दांडकीनेच तिने सुंठ कुटली. मग बत्ता सापडला, तेव्हा माझ्या घंटेला तोही चालेल असं धरून तो पिशवीत टाकला. लोखंड पितळेला शोभतं, असं तिचं म्हणणं.

तिकडे प्रेसिडेंटसाहेबांनी माझ्याकडे न बघताच हात पुढे केला होता. ऑपरेशन करणारे सर्जन करतात तसा. मी त्या हातात बत्ता ठेवला. दुसरं काय करणार? त्यांनी मूठ आवळली, वजन जाणवलं, खाली बघितलं. गव्हर्नर हसतमुखाने वाट बघत होते. प्रेसिडेंटसाहेबांनी डोळे मिटले आणि हाणला.

नेम चुकला. घंटा वाजली ती नंतर, थरथरत. आधी 'टण्ण' असा आवाज झाला आणि काहीतरी उडून केटररच्या कोशिंबिरीच्या दिशेने गेलं. सगळे सावधान उभे होते ते आणखी सावधान झाले. गव्हर्नरांनी आपल्या भाषणात, घंटा इतक्या निर्धाराने वाजवणारा क्लब जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, असा खास उल्लेख केला. टाळ्या पडल्या.

फेलोशिपच्या वेळी वर्कशॉपवाल्यांनी गव्हर्नरांना घंटेपाशी नेलं. मी पापडाआड झालो. "मोजा, दाते किती?" गव्हर्नरांनी बोट लावून मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. "तेवीस," ते म्हणाले. वर्कशॉपवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, स्वतः मोजले. मग त्यांनी सावकाश मान वर केली आणि गर्दीतून नेमकं मला शोधून काढलं. त्या वेळी मागून एक वकील म्हणाले, "सार्जंटसाहेब, आता दंड कुणी कुणाला करायचा?" दुसरे वकील म्हणाले, "मी यांच्यातर्फे हजर आहे." पाचशे रुपये मी माझ्याच डब्यात माझ्याच हाताने टाकले. पावतीवर घेणारा मी, देणारा मी.

चोविसावा दाता कोशिंबिरीत सापडला. तो वर्कशॉपवाल्यांनी खिशात ठेवलाय, ब्रेझिंग करून देतो म्हणाले, त्याला दोन महिने झाले. दरम्यान आमच्या सेक्रेटरींनी त्या रात्रीच मालमत्ता रजिस्टर अद्ययावत केलं, कारण गव्हर्नर समोर बसले होते. त्यात नोंद आहे: 'घंटा वाजवण्याचे साधन, लोखंडी, नग १.' रजिस्टरवर चढलेली वस्तू घरी नेता येत नाही. मी रीतसर अर्ज केलाय, तो बोर्ड मीटिंगपुढे आहे. वकिलांपैकी एकजण बाजूने, एक विरुद्ध.

आईला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे रे. त्या हातोडीने सुंठ उलट जास्त बारीक होते."